पिनपॉइंटर घ्यावा की डिटेक्टरचं पिनपॉइंट बटण पुरे?

कानोसा (धागाकर्ता)
मेटल डिटेक्टिंगच्या छंदात नव्याने पडलेल्यांचा हा ठरलेला प्रश्न आहे, आणि उत्तरं इतर धाग्यांत विखुरलेली आहेत. म्हणून वेगळा धागा. समजा ११ इंची डीडी कॉइलचा (दोन 'डी' आकारांच्या वेटोळ्यांची, जमिनीवरून फिरवायची तबकडी) डिटेक्टर आहे आणि त्यात वस्तूचा मध्य दाखवणारं पिनपॉइंटचं बटणही आहे. मग खड्ड्यात नेमकी जागा शोधायला हातात धरायचा वेगळा पिनपॉइंटर (कांडीएवढा छोटा डिटेक्टर) खरंच लागतो का, की निव्वळ हौस? जागा लहान असेल तर डिटेक्टर घरी ठेवून नुसत्या पिनपॉइंटरवर भागतं का? आणि पिनपॉइंटरच्या पैशात ६ इंची छोटी कॉइल घेतली तर जास्त उपयोग होईल का? जाणकारांनी सविस्तर लिहा. 'घेऊन टाका, पस्तावणार नाही' छापाचे प्रतिसाद नकोत.

तांबट
आधी दोघांची कामं वेगळी करू. डिटेक्टर सांगतो की इथे काहीतरी आहे, साधारण कशाचं आहे आणि किती खोल असावं. पिनपॉइंटर फक्त एवढंच सांगतो की उकरलेल्या मातीत ते या बाजूला आहे की त्या. त्याच्याकडून खोली किंवा धातूची जात कळावी अशी अपेक्षा ठेवली की निराशा ठरलेली.

कारण कॉइलच्या आकारात आहे. कॉइलच्या मानाने लांब गेलं की चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. नाण्यात उमटलेल्या प्रवाहाचं उलट येणारं क्षेत्रही तसंच घटतं. म्हणजे जाता-येता मिळून सहावा घात: अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६४ पट क्षीण. २८ सेंमी व्यासाच्या कॉइलमध्ये ही घसरण खरी सुरू होते ती बरंच खाली, पंधरा-एक सेंमीनंतर. पिनपॉइंटरच्या टोकात बोटाएवढ्या फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली तार असते, तिथे टोकापासून एक सेंमीवरच घसरण चालू. म्हणून नाणं ३ ते ५ सेंमीवर लागतं, डब्याचं झाकण असेल तर थोडं जास्त. सेन्सिटिव्हिटी कितीही वाढवली तरी यात एखाद्या सेंमीचाच फरक पडतो, आणि त्या बदल्यात मातीचा गोंगाट वाढतो.

हीच मर्यादा कामाचीही आहे. पल्ला दोन बोटांचा आहे म्हणूनच तो दोन बोटांच्या अचूकतेने जागा दाखवतो. पल्ला वाढवलेला पिनपॉइंटर म्हणजे अख्ख्या खड्ड्यात एकसारखा वाजणारा पिनपॉइंटर.

रेतीकर
वाळूत हा प्रश्नच येत नाही. ओल्या वाळूत स्कूप मारा, उपसा, ढिगावर कॉइल फिरवा. ढीग वाजला तर वस्तू बाहेर आली, खड्डा वाजला तर अजून एक स्कूप. भोकांमधून वाळू गळते, वस्तू उरते. पिनपॉइंटर काढायला लागणाऱ्या वेळात दोन सिग्नल होतात. मला तरी ते जास्तीचं ओझं वाटतं.

तांबट
मोठ्या वस्तूंपुरतं मान्य. पण कानातल्याची फिरकी किंवा तुटकी कडी स्कूपच्या भोकातून पडते. मग ढीगही वाजतो आणि खड्डाही वाजतो असं वाटत राहतं. तिथे दोन मिनिटांचं काम दहा सेकंदांत होतं. खाऱ्या ओल्या वाळूत मात्र एक पथ्य: पिनपॉइंटर हवेत चालू करून वाळूत खुपसला की तो खाऱ्या पाण्यालाच धातू समजून वाजतो. टोक ओल्या वाळूला टेकवून मग रीट्यून (शून्य पुन्हा ठरवणं) करायचं.

कानोसा
डिटेक्टरच्या पिनपॉइंट बटणाबद्दल कुणी नीट लिहील का? डीडी कॉइलवर बटण दाबून मध्य काढला तरी वस्तू वीतभर बाजूला निघते, अशी बऱ्याच जणांची तक्रार असते.

लंबक
ही तक्रार बहुतेक वेळा कॉइलचा आकार लक्षात न घेतल्याने येते. कॉन्सेन्ट्रिक (एकात एक गोल वेटोळ्यांच्या) कॉइलचं क्षेत्र खाली निमुळतं होत जाणारं, शंकूसारखं असतं. सर्वांत जोरदार आवाज मध्यबिंदूखाली. डीडीचं क्षेत्र पात्यासारखं, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत उभ्या रेषेत पसरलेलं. त्यामुळे डावी-उजवी जागा बोटभर अचूक कळते, पण पुढे-मागे बोंब. नुसतं एका दिशेने फिरवून 'मध्य सापडला' म्हणणारा वीतभर चुकणारच.

पद्धत अशी:

आधी सर्च मोडमध्येच, बटण न दाबता, आवाजावर आखूड झोके घ्या आणि जमिनीवर मनातल्या मनात उभी रेष पकडा. मग स्वतः ९० अंशात वळा. नुसतं मनगट वळवून चालत नाही, पाय हलवा, म्हणजे कॉइलही काटकोनात येते. पुन्हा झोके घ्या. दोन रेषा छेदतात तिथे खूण करा.

आता कॉइल बाजूला नेऊन बटण दाबा आणि जमिनीपासून सारख्या उंचीवर सावकाश खुणेवर आणा. पिनपॉइंट मोडमध्ये कॉइल हलती ठेवावी लागत नाही, स्थिर धरली तरी आवाज येतो. आवाज फार रुंद वाटला तर सिग्नलच्या कडेवर असतानाच बटण सोडून पुन्हा दाबा. तेवढी पातळी यंत्र शून्य धरतं आणि फक्त गाभा ऐकू येतो. हे एकदा, फार तर दोनदा. ऐन मध्यावर केलंत तर वस्तूच पुसली जाते.

तिसरी पद्धत डीडीवाल्यांनी आवर्जून शिकावी. कॉइल डावी-उजवी बारीक हलवत ठेवून सावकाश स्वतःकडे ओढत या. आवाज जिथे एकदम तुटतो तिथे वस्तू कॉइलच्या पुढच्या टोकाच्या अगदी लगत असते. खोल नाण्यासाठी थोडी सवय लागते, १० सेंमीच्या आतल्या वस्तूला मात्र बटणापेक्षा हीच भरवशाची.

अजून कुठे फसतं:

उथळ वस्तूवर डीडी दोन-तीनदा वाजते, कारण कडाही पकडतात. कॉइल १०-१५ सेंमी वर उचला, मधला आवाज तेवढा उरतो.

काटकोनात उभं राहिलेलं नाणं किंवा लांबट तुकडा कॉन्सेन्ट्रिकवर दुहेरी आवाज देतो, दोन्ही बाजूंना, मध्ये खळगा. खणायचं त्या खळग्यात.

तिरपा रुतलेला लोखंडी खिळा कॉइलच्या क्षेत्रात स्वतःच छोटा चुंबक होतो, त्यामुळे आवाजाचा मध्य आणि खिळ्याचा मध्य जुळत नाहीत. वळून दुसऱ्या बाजूने पाहिल्यावर मध्य सरकला, तर बहुधा खिळाच समजा.

आणि पडद्यावरची खोली नाण्याएवढी वस्तू गृहीत धरून दाखवलेली असते. मोठा पत्रा २० सेंमीवर असला तरी यंत्र ८ सांगेल. 'उथळ आहे' म्हणून लहान भोक पाडणाऱ्यांची इथेच फसगत होते.

मातीमोल
लंबक, +१. एवढं जमलं तर ८ सेंमीपर्यंतच्या नाण्यासाठी पिनपॉइंटर निघतच नाही, लहान खुरपं पुरतं. जमत नसेल तर पिनपॉइंटर घेऊनही खड्डे मोठेच पडतात, कारण पहिला घावच चुकीच्या जागी बसतो.

तांबट
म्हणूनच हिरवळीवर काम कुठल्या क्रमाने करायचं ते लिहितो. मातीवर थोडी ढिलाई चालते, लॉनवर नाही.

खूण झाल्यावर तिच्याभोवती साधारण ७-८ सेंमी त्रिज्येत तीन बाजू कापायच्या, घोड्याच्या नालेसारख्या. चौथी बाजू जोडलेली ठेवायची म्हणजे मुळं जिवंत राहतात आणि प्लग (मातीसकट कापलेला गवताचा तुकडा) पुन्हा त्याच जागी बसतो. पातं सरळ उभं, निदान १० सेंमी आत. उथळ कापलेला प्लग दोन दिवसांत पिवळा पडतो, कारण मुळं वरच तुटलेली असतात. कापण्याआधी पृष्ठभागावर पिनपॉइंटर एकदा फिरवा. तो वाजला तर वस्तू ४-५ सेंमीच्या आत आहे, प्लगची गरजच नाही. बोथट टोकाच्या पितळी सळईने चाचपून उचकटून काढता येते. स्टीलचा स्क्रूड्रायव्हर वापरलात तर नाण्यावर ओरखडा नक्की.

प्लग उलटला की आधी प्लगचा तळ तपासा, मग खड्डा. इथे बरेच जण उलटं करतात, खड्डा खोल करत जातात आणि नाणं प्लगला चिकटून बाजूला पडलेलं असतं. पिनपॉइंटरचं टोक खुपसत बसायचं नाही. तो आडवा धरून कांडीची बाजू भिंतींवरून फिरवायची. बहुतेक चांगल्या पिनपॉइंटरना टोकाबरोबर बाजूनेही चहूकडे लागतं. कुठल्या भिंतीत आहे ते कळलं की मग टोक.

खड्डा नि प्लग दोन्ही मुके असतील तर माती आणखी उकरायच्या आधी पुन्हा डिटेक्टरची कॉइल खड्ड्यावर धरा. वाजली तर वस्तू पिनपॉइंटरच्या पल्ल्याच्या खाली आहे. अजून ५ सेंमी मोकळं करा आणि पुन्हा पिनपॉइंटर. सुटी माती नेहमी फडक्यावर. फडकंही तपासून मगच खड्ड्यात रिकामं करायचं, वर प्लग, पायाने दाबायचं.

चिकित्सक
आणि वस्तू काढल्यावर खड्डा पुन्हा तपासायचा, हे राहिलं. एक निघालं म्हणजे संपलं असं नसतं.

नऊव्होल्ट
पिनपॉइंटर 'बिघडला' म्हणून आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच बिघाडाच्या नसतातच. नेहमीची कारणं सांगतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे खड्ड्यात हात घालून मग बटण दाबणं. यातले बहुतेक स्थिर पद्धतीचे असतात. चालू होताना आजूबाजूला जे काही आहे ते शून्य धरतात. टोकाजवळच नाणं असेल तर तेही शून्यात जातं. मग यंत्र नाण्यावर गप्प आणि लांब नेल्यावरही गप्प. मोकळ्या हवेत किंवा धातू नसलेल्या मातीला टेकवून चालू करा. हीच गोष्ट मुद्दाम वापरता येते: मोठ्या पत्र्यामुळे सगळीकडे वाजत असेल तर थोडं लांबून रीट्यून केलं की आवाजाचा घेर आखडतो. गॅरेट प्रो-पॉइंटर एटीमध्ये बटण झटकन दाबलं की रीट्यून होतं. ज्यात ही सोय नाही तो बंद करून पुन्हा चालू करायचा.

दुसरं, लाल किंवा काळी लोहयुक्त माती. हवेत शांत, मातीला लागताच थरथर. उपाय तोच, मातीला टेकवून रीट्यून. तरी थांबलं नाही तर सेन्सिटिव्हिटी एक पायरी खाली. सगळ्यात वरच्या पायरीवर कायम ठेवणं ही वाईट खोड.

तिसरं, तापमान. उन्हात तापलेला पिनपॉइंटर गार पाण्यात बुडवला की शून्य सरकतं आणि तो आपोआप वाजू लागतो किंवा बहिरा होतो. पाण्यात अर्धा मिनिट धरून रीट्यून करा.

चौथं, बॅटरी. ९ व्होल्टची अल्कलाइन उतरली की आधी पल्ला घटतो, मग उगाच टिकटिक. यूएसबीवर चार्ज होणाऱ्या ९ व्होल्टच्या लिथियम बॅटऱ्यांत आत व्होल्टेज वाढवणारं सर्किट असतं. काहींत त्याचाच विद्युत गोंगाट यंत्रात शिरतो. नवी बॅटरी घातल्यावर तक्रार सुरू झाली असेल तर साधी अल्कलाइन घालून पाहा, इतर काही उघडू नका.

पाचवं, आपटणं. टोक दगडावर ठोकलं की आतली फेराइट किंचित हलते आणि बीप येतो. स्वस्त नकलांमध्ये हे जास्त. फेराइटला तडा गेला तर पल्ला कायमचा कमी होतो. पिनपॉइंटरने माती उकरायची नाही, हे सगळ्या पुस्तिकांत लिहिलेलं असतं आणि सगळेच उकरतात.

लंबक
यात एक भर. पिनपॉइंटर चालू असताना डिटेक्टर जवळ पडलेला असेल तर दोघं एकमेकांना ऐकतात, दोन्हीकडून किचकिच. कॉइल खड्ड्यापासून मीटरभर मागे ठेवा. तरी त्रास होत असेल तर डिटेक्टर बंद करा किंवा पिनपॉइंटरची फ्रीक्वेन्सी किंचित सरकवण्याची सोय असेल तर ती वापरा. आणि हातातली अंगठी, घड्याळ, पोलादी टोकाचे बूट, खड्ड्याशेजारी आडवं ठेवलेलं खुरपं यांनीही तो वाजतो. 'खड्ड्याच्या डाव्या भिंतीत काहीतरी आहे' याचं उत्तर पुष्कळदा डावीकडे ठेवलेलं खुरपं असतं :)

चिकित्सक
लोखंड वेगळं ओळखणाऱ्या पिनपॉइंटरबद्दल काय मत? मिनलॅबच्या प्रो-फाइंड ३५ मध्ये लोखंडासाठी वेगळा टोन आहे. म्हणजे खिळे टाळता येतील, नाही का?

तांबट
टोन आहे, पण त्यावर खणायचं की नाही हे ठरवू नका. एक तर तोवर खड्डा पाडून झालेला असतो. दुसरं म्हणजे टोन टोकाला वस्तू जवळजवळ चिकटल्यावरच भरवशाचा असतो, पल्ल्याच्या काठावर नाही. तिसरं, नाण्याला गंजका खिळा चिकटून असेल तर लोखंडाचाच टोन येणार. त्याचा खरा उपयोग खिळ्यांनी भरलेल्या जागी: खड्ड्यात तीन वस्तू असताना आधी कुठल्या बाजूला खुरपं घालायचं, एवढ्यापुरता. 'लोखंड' ऐकू आलं म्हणून खड्डा बुजवू नका.

मातीमोल
अवांतर: जवळचा धातू कसा घोटाळा करतो याचं प्रसिद्ध उदाहरण १८८१ चं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला ग्रॅहॅम बेल यांनी इंडक्शन बॅलन्सचं यंत्र आणलं. काम पिनपॉइंटरचंच. पण गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, आणि डॉक्टरांनी शोध फक्त उजव्या बाजूला करू दिला. गोळी डावीकडे होती. गादी काय आणि शेजारी ठेवलेलं खुरपं काय.

कानोसा
मस्त. आता दुसरा प्रश्न: नुसत्या पिनपॉइंटरने जागा शोधणं. बागेत अंगठी हरवली आणि जागा साधारण माहीत आहे, असं धरा.

लंबक
'साधारण' म्हणजे किती, यावर सगळं. हिशोब करा. टोकाखालून कामाची पट्टी सुमारे ३ सेंमी. सुटू नये म्हणून निम्मी पट्टी पुन्हा वरून घ्यायची, म्हणजे १ चौरस मीटरला सुमारे ६६ रेघा, तितकेच मीटर टोक सरकवणं. सेकंदाला २० सेंमी या वेगाने साडेपाच मिनिटं. १० बाय १० मीटरच्या तुकड्याला नऊ तासांच्या वर, तेही गुडघ्यांवर. २८ सेंमीच्या कॉइलने दीड मीटर रुंद झोके, दर झोक्याला अर्धी कॉइल पुढे, असं गेलं तर तोच तुकडा सुमारे ५०० झोक्यांत होतो. थांबणं-वळणं धरून अर्धा तास.

तेव्हा १ चौरस मीटरपर्यंत पिनपॉइंटर चालेल, तेही वस्तू गवतावर किंवा गवताच्या मुळाशी आहे अशी खात्री असेल तर. झुडपाच्या बुंध्यात, दगडांच्या फटीत, कुंपणाच्या तारेलगत, जिथे कॉइल शिरत नाही किंवा तारेमुळे सतत वाजते, तिथे तो डिटेक्टरपेक्षा सरस. त्यापलीकडे नाही.

रेतीकर
एक सावधगिरी. सुरक्षा तपासणीला वापरतात ते दांडके पिनपॉइंटर म्हणून घेऊ नका. दिसायला भाऊबंद, काम वेगळं. ते कपड्यांवरून चाकूएवढी वस्तू पकडायला बनवलेले असतात, संवेदन पट्टा वीतभर लांब. मातीत घातलं तर खनिजांनी वाजतात, आणि वाजले तरी पट्ट्याच्या कुठल्या भागाखाली वस्तू आहे ते कळत नाही.

चिकित्सक
पिनपॉइंटर नसेल तर काय करायचं, तेही लिहा. सगळेच लगेच घेणार नाहीत.

मातीमोल
निम्मे-निम्मे करायचं. डिटेक्टर जमिनीवर आडवा ठेवून कॉइल वर तोंड करून टेकवा, आजूबाजूला धातू नको. सर्च मोडमध्ये चालू ठेवा. उकरलेल्या मातीची ओंजळ कॉइलवरून हलवत न्या. त्या मोडमध्ये हालचाल नसेल तर आवाज येत नाही. वाजली की ओंजळीचे दोन भाग, प्रत्येक वेगळा न्या. चौथ्या-पाचव्या वाटणीला चिमूटभर माती उरते. हातात अंगठी किंवा कडं नको. वेळ जातो, पण मातीत मिसळून सहज नजरेस न पडणारी बारीक वस्तूही याने सापडते. खड्डा मोठा असेल तर ६ इंची कॉइलने खड्डा आणि ढीग आलटून पालटून तपासता येतो.

कानोसा
म्हणजे तिसऱ्या प्रश्नाला हात घातलाच. ६ इंची कॉइल की पिनपॉइंटर?

तांबट
माझं मत विचाराल तर पिनपॉइंटर आधी. छोटी कॉइल खिळ्यांच्या गर्दीत दोन वस्तू वेगळ्या दाखवते, ते तिचं काम. जागा नेमकी दाखवते, पण खड्ड्याच्या आत शिरत नाही, आणि खोली घटते. कॉइल लहान झाली की बारीक वस्तूंना मात्र जास्त हुशार होते. म्हणून खिळ्यांनी भरलेल्या जुन्या वस्तीच्या जागी जाणार असाल तर उत्तर उलटंही होऊ शकतं. कॉइल मोठी घेण्याचा मोह मात्र या यादीत सर्वांत शेवटी. १३-१५ इंची कॉइलने दोन-तीन सेंमी खोली वाढते, पण पिनपॉइंट करणं आणखी अवघड होतं आणि बारीक वस्तू हुकतात.

लंबक
सहमत, एक अट घालून: पिनपॉइंटर घेण्यापूर्वी वर लिहिलेली आडवी-उभी पद्धत पाठ करा. घरी कागदाखाली नाणं ठेवून दहा मिनिटं केली तरी हात बसतो. दुसऱ्याला नाणं ठेवायला सांगा, नाहीतर डोळे हाताला फसवतात.

नऊव्होल्ट
घेताना तीन गोष्टी पाहा: रीट्यूनचं बटण, थरथर आणि आवाज दोन्ही, पाण्यात चालणं. प्रो-पॉइंटर एटी ६ मीटरपर्यंत पाण्यात चालतो. एक्सपीचा एमआय-६ डिटेक्टरच्या वायरलेस हेडफोनमध्ये आवाज देतो, म्हणून त्यांचा डिटेक्टर असेल तर सोय. रंग भडक केशरी घ्या, काळा मातीत हरवतो. म्यानाला गोफ बांधा. भरलेल्या खड्ड्यात पिनपॉइंटर राहून जाणं फार सामान्य आहे. एटीमध्ये यासाठी सूचनेचा आवाज आहे: पाच मिनिटं बटण दाबलं नाही की तो वाजू लागतो, आणि तासाभराने बंद होतो. म्हणजे शोधायला तेवढाच वेळ.

रेतीकर
आणि खड्ड्यात निमुळत्या नळीसारखं, पंखांचं किंवा दंडगोल लोखंड लागलं तर तो न फुटलेला बॉम्ब असू शकतो: पिनपॉइंटरने टोचायचं नाही, उचलायचं नाही. जागेवर खूण करून पोलिसांना कळवायचं. भूमिगत वीजवाहिनी असण्याची शक्यता असेल तिथे सळई वापरू नका.

कानोसा
शेवटचा प्रश्न. बारीक साखळी. डिटेक्टर तर गप्प बसतोच, पण पिनपॉइंटरही गप्प का बसतो?

तांबट
साखळी यंत्राला साखळी म्हणून दिसत नाही. कड्यांमधला संपर्क कच्चा असतो, त्यामुळे प्रवाह एका कडीतच फिरतो. म्हणजे दीड मिलिमीटरच्या कडीएवढी वस्तू दिसते. त्यातून सोनं चांदीपेक्षा कमी वाहक. वाजतो तो बहुधा फासा किंवा लॉकेट, साखळीचा बाकी भाग मुका. अशा वेळी पिनपॉइंटर सर्वांत वरच्या पायरीवर ठेवा आणि टोक मातीला घासतच न्या, अर्धा सेंमी वर गेलं तरी हुकतं. एक टोक सापडलं तर ओढू नका, दुसरं टोक कुठल्या दिशेने जातं ते बोटांनी मोकळं करत जा. आणि ती माती चाळल्याशिवाय परत टाकू नका. २ मिलिमीटरची चाळण या कामाला दोन्ही यंत्रांपेक्षा भरवशाची.